सातशे अडतीसची जोडी

पहिली तार कटरच्या तोंडातून निसटून वर उडाली, उन्हात एकदा चमकली आणि मडगार्डांच्या ढिगापलीकडे पडली. मी उठून ती शोधून आणली, तांब्याच्या घमेल्यात टाकली आणि वहीत एक रेघ ओढली. मग दुसरी तार तोडली. दुपारपर्यंत छत्तीस रेघा झाल्या.

आवारात मी एकटीच होते. कोल्हापूरहून शिरोलीकडे निघालं, की पंचगंगेचा पूल ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर दस्तगीर शिकलगारांचं हे भंगाराचं आवार लागायचं. बाकीचे भंगारवाले मिळेल ते घेत. दस्तगीरमामा फक्त मोटारसायकली घेत आणि त्या सोडवून ठेवत. एका भिंतीशी पेट्रोलच्या टाक्या पाठ वर करून पडलेल्या असत. पलीकडे चाकं, हँडल, पायदाणं. हेडलाइटच्या रिकाम्या वाट्या ओळीनं आभाळाकडे तोंड करून ठेवलेल्या. मे महिन्यात बारा वाजून गेले, की प्रत्येक वाटीत एकेक छोटा सूर्य तयार व्हायचा आणि एखादीत वाळकं पान पडलेलं असलं तर ते आपोआप धुमसायला लागायचं. ते अंतर्गोल आरशाचं काम आहे हे मला माहीत होतं. तरीही मी तासन् तास त्या बारीक निळ्या धुराकडे बघत बसत असे.

मी तेवीस वर्षांची होते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालं होतं, बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत जागा मिळाली होती आणि एक ऑगस्टला तिथे हजर व्हायचं होतं. तिथे जायचं ते स्वतः जोडलेल्या मोटारसायकलवरून, असं मी ठरवलं होतं. कोणाशी पैज नव्हती. मला फक्त कागलच्या पुढचा तो सरळ रस्ता माझ्याच हातांनी जोडलेल्या इंजिनाच्या आवाजात बघायचा होता. सांगाडा आजोळच्या गोठ्यातल्या येझ्दीचा मिळाला होता, टाकी दुसऱ्या गाडीची, पुढचं चाक तिसरीचं. सहा गाड्यांची मिळून एक होत आली होती. अडलं होतं ते डाव्या चेंबरपाशी.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या पोटाचं अॅल्युमिनिअमचं कवच. ते दोन अर्धांचं असतं, डावं आणि उजवं; मधे क्रँकचा शाफ्ट फिरतो. माझ्या इंजिनाचं उजवं चेंबर चांगलं होतं. डाव्याला बोटभर तडा होता.

दस्तगीरमामा चार दिवस विजापूरला लेकीकडे निघाले तेव्हा आमचा सौदा झाला.

"काय सायन्स," ते म्हणाले. माझं नाव पद्मजा मगदूम. पहिल्या दिवशी मी खिशातून मापं घ्यायचा व्हर्निअर काढला, तेव्हापासून ते मला सायन्सच म्हणत. "तो अॅल्युमिनिअमचा ढीग बघतीस न्हवं? नुसता काला झालाय. लावून ठेव. फुटकं असंल ते शनिवारच्या ट्रकात घाल, भट्टीवाला येतोय. त्याच्या बदली डावं चेंबर तुला आवडंल ते घे."

"कुठलंही?"

"आवडंल ते म्हटलं की. आता काय स्टॅम्पपेपर करू?"

आणि किल्ली माझ्या हातात देऊन ते बसला गेले.

ढिगात चाळीसेक चेंबरं होती, शिवाय ब्रेकची ड्रम, झाकणं, सिलिंडरची डोकी. त्यांतल्या बऱ्याच वस्तूंना तांब्याची तार गुंडाळलेली होती. काही चेंबरं तर दोन-दोन एकमेकांच्या तोंडाला लावून तारेनं घट्ट आवळलेली होती. एक जोडी सोडवली तेव्हा तारेखाली पांढरी पूड दिसली. तांबं आणि अॅल्युमिनिअम ओलीत एकमेकांना लागले, की अॅल्युमिनिअम हळूहळू खाल्लं जातं. हे तर बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात. मला मामांची कीव आली. इतकी वर्षं ते स्वतःच्याच मालाला कीड लावत होते.

मी सगळ्या तारा तोडल्या. एकूण सदतीस. जोड्या सोडवून डावी चेंबरं एका बाजूला रचली आणि उजवी दुसऱ्या बाजूला, कारण एका बाजूची एकात एक छान बसतात. प्रत्येकाचं माप घेतलं. वहीत तक्ता केला: बाजू, बेअरिंगच्या खोबणीचा व्यास, तडे. आतल्या कडेला प्रत्येकावर तीन आकडे ठोकलेले होते. ते कशाचे ते कळेना, पण दिसतं ते टिपायचं ही सवय, म्हणून एक रकाना त्यांचाही केला. रकान्याला नाव दिलं: 'अर्थ माहीत नाही'.

बारा फुटकी निघाली. ती शनिवारी ट्रकात गेली.

माझं चेंबर निवडायला मला संध्याकाळ लागली. डाव्यांमधलं एक हातात घेतलं आणि ठेववेना. बाकीच्यांच्या आतले पेट्रोलच्या वाफेचे मार्ग खरबरीत होते, कारखान्यातून आले तसे. ह्याचा मार्ग शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा होता. बोट आत घातलं की ते आपोआप वळणावरून पुढे सरकायचं, जणू कोणी हाताला धरून नेतंय. मी पुन्हा पुन्हा बोट घालत राहिले. आकडा सातशे अडतीस. त्या ओळीपुढे लिहिलं: 'माझं'.

रविवारी घरी इंजिन जोडलं आणि शाफ्ट फिरेना. म्हणजे फिरायचा, पण रुतलेल्या बैलगाडीसारखा. मापं बरोबर होती. मी तीनदा खोललं, तीनदा मोजलं. शेवटी उद्यमनगरात सदाशिव पोवारांना फोन केला. सदाभाऊंचं लेथ होतं, जुने जाणते मिस्त्री.

"खोबण आवळत असंल," ते म्हणाले. "उद्या सोमवार, बंद. मंगळवारी अकराला घेऊन ये. जरा मोकळी करून देतो. पळंल मग."

सोमवारी दुपारी मामा विजापूरहून परतले. हातात लेकीनं दिलेली शेंगांच्या चटणीची पुडी होती. त्यांनी ती आधी माझ्या हातात ठेवली. मग रचलेल्या रांगांकडे बघून भुवया उंचावल्या.

"आयला! दवाखान्यागत केलंस की."

आणि मग त्यांना घमेलं दिसलं. ते त्याच्यापाशी उकिडवे बसले. एक तार उचलली, तिची वळणं बोटावर फिरवली.

"ह्या कुठनं आल्या गं?"

"मालावरच्याच. काढल्या सगळ्या. सदतीस होत्या."

"काढल्या?"

"मामा, तांबं अॅल्युमिनिअमला लागलं ना, की ओलीत अॅल्युमिनिअम खातं. सगळीकडे पांढरी पूड पडली होती. आणखी काही वर्षांत—"

"खाऊ दे की गं बाई!" ते एवढ्या जोरात ओरडले, की टाक्यांवर बसलेल्या साळुंक्या उडाल्या. "तार म्हंजे बोललेला माल! मानूस येतोय, म्हणतोय मामा हे माझं, पैसं झालं की नेतो. मी तार बांधतोय. मग तो परत येस्तोवर बादशा आला तरी त्याला हात लागत न्हाई. सगळ्या कोल्हापुराला ठावं हाय!"

"मला कोणी सांगितलं नाही."

"सांगायचं काय त्यात? तुला कुणी सांगितलंय का, तोंडानं जेवायचं म्हणून?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून ते आणखी वैतागले, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर आपटली आणि मग म्हणाले, "रडू नगंस. वही आण. आन् तारेचं बंडल आण, नवं."

त्यांना सगळं आठवत होतं. वही लागलीच नाही. ते बोट दाखवत गेले आणि मी तार बांधत गेले.

"हे झाकण सलूनवाल्या विलासचं. ते ड्रम इचलकरंजीच्या गुरुजींचं. पाच वर्सं झाली, दुसरं ड्रम घावंना म्हणून न्यायला येईनात. आवळून बांध. हे डोकं... हे पन्हाळ्याच्या पोराचं. त्याचं लगीन झालं, आता कुठला येतोय. पर बांध."

चेंबरांपाशी येऊन मात्र ते थांबले. डाव्यांची रांग, उजव्यांची रांग.

"हितं सहा जोड्या हुत्या. आता जोडी कशी लावायची?"

"पण मापं सगळ्यांची सारखीच आहेत, मामा. कुठलंही कुठल्याही—"

"माप सारखं असलं म्हणून? कारखान्यात दोन्ही अर्धं एकावर एक ठेवून एका दमात भोक पाडत्यात. त्या दोघांचीच रेघ एक. दुसऱ्याबरूबर बसीवलं तर शाफ्ट आवळून धरतंय. म्हणून तर आतनं आकडा मारत्यात, जोडीचा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आकडा बघिटला न्हाईस?"

मी वही उघडली. 'अर्थ माहीत नाही' या रकान्यावरून बोट फिरवत खाली आले. मी वाचत गेले आणि ते चेंबरं उचलून एकमेकांच्या तोंडाला लावत गेले. दोनशे चार, दोनशे चार. पाचशे एकोणीस, पाचशे एकोणीस. बसताना प्रत्येक जोडीचा एक हलका आवाज यायचा, पुस्तक मिटल्यासारखा. पाच जोड्या झाल्या.

सहावं उजवं चेंबर त्यांनी स्वतः उचललं. आकडा वाचायला त्यांना वहीची गरज नव्हती.

"सातशे अडतीस. डावं बघ."

डाव्याची ओळ माझ्या समोर होती. तिच्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

"शनिवारी बारा फुटकी गेली," मी म्हणाले.

हे खरं होतं. बारा फुटकी गेलीच होती.

मामा अंगठा त्या चेंबरच्या आतल्या मार्गावरून फिरवत राहिले. अंगठा वळणावरून सावकाश आत गेला आणि सावकाश बाहेर आला.

"गेलं असंल मग," ते म्हणाले. "फुटकं न्हवतं ते. पर केसागत चीर पडलीवती एक, तुला तडा वाटला असंल."

"कोणाचं होतं ते? मी त्यांना सांगते."

"कुनाचं न्हवतं."

"मग तार?"

"बांधली हुती." त्यांनी ते उजवं चेंबर उद्या बाराला येणाऱ्या ट्रकच्या ढिगावर ठेवलं, फेकलं नाही. "एकटं काय करायचं."

जेवायला बसले तेव्हा त्यांनी भाकरी मोडली, लेकीची चटणी घेतली आणि एकही घास न खाता डबा पुन्हा बांधून ठेवला.

मंगळवारी अकराला मी उद्यमनगरात होते, पिशवीत डावं चेंबर. आदल्या दिवशीपासून मी एकच हिशोब पुन्हा पुन्हा करत होते. उजवं बाराच्या ट्रकात जाईल, वितळेल, त्याची कुठल्यातरी पंपाची झाकणं होतील. मग डाव्याला जोडीच उरणार नाही. जोडीच नसली तर मी ते ठेवलं काय आणि न ठेवलं काय. हिशोबात चूक नव्हती. अडचण एवढीच, की बारा अजून वाजायचे होते.

सदाभाऊंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, चेंबर हातात घेतलं, खोबण बघितली. मग सवयीनं त्यांचं बोट आतल्या मार्गात गेलं आणि तिथेच राहिलं.

"कुठं घावलं हे तुला?"

"भंगारात. का?"

"हे दस्तगीरच्या कानशीचं काम हाय. असा हात दुसऱ्या कुनाचा न्हवता." त्यांनी लेथ बंद केलं. पट्टा फडफडत थांबला आणि शेडमध्ये एकदम शांत झालं. "बळवंत खराड्याच्या गाडीचं चेंबर. कागलचा बळवंत. हा जोडायचा आन् तो पळवायचा. माळावर शर्यती हुयाच्या तवा मानसं झाडावर चढायची ह्यांना बघायला. एका ताटात जेवायची दोघं."

"मग?"

"मग काय, एकदा शेवटच्या फेरीला इंजान धरलं. जाम. पुढं हुता बळवंत. तो म्हटला, दस्त्या, तू पेट्रोलात तेल कमी घातलंस. हा म्हटला, तेल बराबर हुतं, तू तापीवलंस. तिथंच माळावर इंजान खोललं दोघांनी, एकमेकाला दाखवायला. जातेवेळी ह्यानं डावं घेतलं, त्यानं उजवं आन् शाफ्ट घेतला. हा म्हटला, आता पळीव बघू माझ्याबिगर." त्यांनी बोटांवर मोजलं. "एकोणीस वर्सं झाली. बोलत न्हाईत."

उजवं आवारात कसं आलं असेल ते मी मनात जुळवत होते. कोणीतरी कागलला बळवंतच्या घरचा पोटमाळा झाडला असेल, कोणत्यातरी हातगाडीवर पोतं गेलं असेल आणि ते पोतं मामांच्या पुढ्यात रिकामं झालं असेल. मामांनी आकडा बघितला असेल. घरातून स्वतःचं डावं आणलं असेल. जोडी लावली असेल आणि वरून तार बांधली असेल, बोललेल्या मालाला बांधतात तशी. फक्त हा माल मागायला कोणी आलेलं नव्हतं.

"हं," सदाभाऊ म्हणाले. त्यांनी चेंबर लेथच्या तबकडीवर ठेवलं होतं, अजून आवळलं नव्हतं. "तुझं हाय, तू सांग. एकदा काढलेला धातू परत घालता येत न्हाई. लावू?"

लावलं असतं, तर जुलैत माझी गाडी उभी राहिली असती.

"नको," मी म्हणाले.

रिक्षानं आवारात पोचले तेव्हा ट्रक भरत आला होता. हमाल घमेली वर देत होते. मी फळीवर पाय देऊन वर चढले आणि ब्रेकच्या ड्रमांमध्ये हात घालून उपसायला लागले. खालून कोणीतरी म्हणालं, "ओ मॅडम, हात कापंल!" मामा शेडमधून बाहेर आले.

"काय सांडलं गं तुझं?"

सातशे अडतीस दोन ड्रमांच्या खाली होतं. मी ते घेऊन उतरले आणि पिशवीतलं डावं काढून त्यांच्यासमोर धरलं.

"ट्रकात गेलं नव्हतं. माझ्याकडे होतं. काल मला माहीत होतं आणि मी बोलले नाही."

त्यांनी डाव्याकडे बघितलं. चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. तो बंद झाला.

"मग? मी म्हटलं हुतं आवडंल ते घे. तू घेतलंस. तुझं झालं."

"पण ती जोडी तारेची होती."

"तार कुणी बोलल्याशिवाय बांधत न्हाईत. त्याला कुणी बोललं न्हवतं. ती माझीच चूक. दिलेला माल मी परत घेत न्हाई, आजवर घेतला न्हाई. ने तुझं, गाडी पूर्ण कर." आणि हमालाला हाक मारली, "ए, ते उजवं वर घे रे!"

हमाल पुढे आला. मी उजवं छातीशी धरलं. मला दुसरं काही सुचेना. घमेल्यात कालच्या नव्या बंडलाची उरलेली तार होती. मी जमिनीवर बसले, दोन्ही चेंबरं तोंडाला तोंड लावून मिटली आणि भोवती तार गुंडाळायला लागले.

"काय करतीस?"

"मामा, हे उजवं माझं. मी बोलले." गाठ सैल पडली, मी पुन्हा मारली. "आता बादशा आला तरी हात लावायचा नाही."

हमाल हसायला लागला. मामा हसले नाहीत. ते माझ्या गाठीकडे बघत होते.

"पैसं झालं की नेणार?" ते म्हणाले.

"आत्ताच नेणार. कागलला. तुम्ही येता?"

"मी कशाला येतोय त्या बोंबल्याकडं," ते म्हणाले आणि शेडमध्ये निघून गेले.

कागलची बस निम्मी रिकामी होती. पिशवी मांडीवर होती आणि ऊन खिडकीतून तिच्यावर पडत होतं, सरकत होतं, पुन्हा पडत होतं. रस्त्याकडेचे गुलमोहर काचेवर एकापाठोपाठ एक लाल पुसत गेले. हाच तो रस्ता, ज्यावरून मी जाणार होते. आता यंदा तरी जाणार नव्हते. हे वाक्य मी मनात म्हणून बघितलं आणि ते जितकं दुखेल असं वाटलं होतं तितकं दुखलं.

बळवंतरावांची पिठाची गिरणी होती, सदाभाऊंनी सांगितलं होतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत विचारलं, लगेच सापडली. आत हवाच पांढरी होती. त्या पांढऱ्यात पट्टा फिरत होता, जातं घरघरत होतं आणि एक उंच म्हातारा खुंटीसारखा ताठ उभा होता. भुवया, पापण्या, कानांवरचे केस, सगळं पीठ. मी पिशवी ओट्यावर ठेवून तार सोडली.

त्यांनी हात धोतराला पुसले. मग बोट आत घातलं. सगळ्यांचंच बोट आधी तिथे जात होतं.

"त्यानं धाडलं?" त्यांनी विचारलं.

"नाही. माझं आहे. मी हा माल बोलले होते, म्हणजे तार बांधली होती. तुमच्याकडे ठेवायला आणलंय."

"तुझं हाय तर माझ्याकडं का?"

"माझ्याकडे शाफ्ट नाही ह्याचा."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग खटका ओढून गिरणी बंद केली. बाहेर डबे घेऊन बसलेल्या बाया ओरडल्या, "आवो काका, आमचं जोंधळं!" त्यांनी ऐकलं नाही. मागच्या खोलीत गेले आणि गव्हाच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून एक गाठोडं बाहेर काढलं. तेलकट मांजरपाटात गुंडाळलेला क्रँकशाफ्ट, बेअरिंगं चढवलेली. एका ठिपक्याइतकाही गंज नव्हता.

स्टोव्ह पेटवून त्यांनी दोन्ही चेंबरं पाळीपाळीनं तापवली. थुंकीचा थेंब चर्र झाला तेव्हा शाफ्ट वरून अलगद सोडला. अॅल्युमिनिअम लोखंडाहून जवळजवळ दुप्पट फुगतं. बेअरिंग न ठोकता, स्वतःच्या वजनानं, टक् करून जागेवर बसलं. वर दुसरं चेंबर मिटलं. स्क्रू आवळले. आम्ही ते गार व्हायची वाट बघत बसलो. पीठ हळूहळू खाली येत होतं, सगळ्यावर, त्याच्यावरही. बाया दारातून वाकून बघत होत्या.

"आता फिरवायचा," बळवंतराव म्हणाले. मधून वर आलेला पिस्टनचा रॉड पडला असता तर शाफ्ट अडला असता. मान वर न करता ते म्हणाले, "रॉड धर की जरा. सैल धर. आवळू नगंस."

मी हात पुढे करणार होते. त्याआधीच दुसरा एक हात आला. अंगठ्याच्या नखात काळं, मनगटावर जुन्या भाजल्याची खूण. मी वर बघितलं. दस्तगीरमामा मागच्या बसनं आले होते. टोपीवर, खांद्यांवर पीठ बसायला सुरुवात झाली होती.

बळवंतरावांनी तो हात ओळखला असणार. त्यांनी मान वर केली नाही. शाफ्टच्या टोकाला एक बोट लावलं आणि ढकललं.

शाफ्ट फिरला. रॉड मामांच्या चिमटीत वर गेला, खाली आला, वर गेला. बोट कधीच बाजूला झालं होतं, तरी तो फिरतच राहिला. आवाज नव्हता. मी मनात फेऱ्या मोजायला लागले आणि नवावर आल्यावर सोडून दिलं.

तो थांबल्यावर मामा म्हणाले, "तेल कमी न्हवतं."

"चोवीस पेट्रोलाला एक तेल घातलं हुतंस."

"मग? चोवीसाला एकच लागतंय."

"उन्हाळ्यात? माळावर? वीसाला एक पायजे हुतं, दस्त्या. मी सकाळी म्हटलं न्हवतं तुला?"

"वीसाला एक घातलं असतं तर दुसऱ्या फेरीला प्लग काळा पडून ढकलत आनली असतीस गाडी. तू तापीवलीस, बळ्या! कान हुतं का न्हाई तुला? इंजान वरडत हुतं!"

"वरडत हुतं, म्हणूनच पुढं हुतो!"

"आवो, जोंधळं!" दारातून बाई म्हणाली.

"थांब गं!" दोघंही एकदम म्हणाले, आणि मग एकमेकांकडे बघितलं, त्या दिवसात पहिल्यांदा.

बळवंतराव माझ्याकडे वळले. पापण्यांवरचं पीठ थरथरत होतं. "ए पोरी. तू शिकलेली दिसतीस. तूच सांग."

"सायन्सवाली हाय ती," मामा म्हणाले. आवाजात थोडा तोरा होता. "मशीन घेऊन फिरती मापाचं. सांग गं, सायन्स. वीसाला एक का चोवीसाला एक?"

दोघंही थांबले होते. रॉड अजून मामांच्या चिमटीत होता. इंजिन किती सी.सी.चं, उन्हाचं तापमान काय असेल, शेवटची फेरी किती लांबीची, एवढं विचारलं असतं तर मला अंदाज बांधता आला असता. खरं तर ढोबळ असा मी तो मनात बांधलाही होता. दोघांपैकी एकजण बरोबर होता.

"मला नाही सांगता यायचं," मी म्हणाले.

"बघ!" बळवंतराव म्हणाले.

"काय बघ? तिला येईना म्हणून तुझं खरं व्हय?" मामा म्हणाले आणि ओट्यावर जरा सरकून, पीठ झाडून, नीट मांडी घालून बसले.